बाहुलीचे दार

डोळ्यांच्या कोणत्याही दवाखान्यात सकाळी अकराच्या सुमारास डोकावले तर एक ठरलेले दृश्य दिसते. बाकावर ओळीने माणसे बसलेली असतात. निम्म्यांचे डोळे मिटलेले, गालावर औषधाचा ओघळ, हातात कापसाचा बोळा. कोणी जपाला बसल्यासारखे शांत, तर कोणी दर पाच मिनिटांनी एक डोळा किलकिला करून भिंतीवरचे घड्याळ बघणारे. तेवढ्यात सिस्टर येतात, 'वर बघा' म्हणत खालची पापणी ओढून आणखी एक थेंब टाकतात आणि 'मिटा आता' म्हणून पुढे सरकतात. 'अजून किती वेळ?' हा प्रश्न मी माझ्या तीस वर्षांच्या नेत्रवैद्यकीत जितक्या वेळा ऐकला, तितका दुसरा कुठलाच ऐकला नसेल.

त्या थेंबाचे नाव ट्रॉपिकामाइड. लोक चष्म्याचा नंबर विचारतात, ऑपरेशनचा खर्च विचारतात. पण ज्याने आपली अर्धी रजा खाल्ली त्या थेंबाचे नाव काही कोणी विचारत नाही. संधी मिळाली की मात्र तो टाळतात. 'आज नको डॉक्टर, स्कूटरवर आलोय.' 'आज नको, संध्याकाळी हिशेब लिहायचेत.' 'पुढच्या खेपेला नक्की.' ही पुढची खेप कधी कधी फार उशिरा येते. म्हणून या थेंबाची थोडी ओळख करून द्यावी असे बरेच दिवस मनात होते.

आधी बाहुलीविषयी. बाहुली ही वस्तू नव्हे, ते एक भोक आहे. बुबुळात जी रंगीत चकती दिसते तिच्या मधोमध असलेले. आत अंधार म्हणून ते काळे दिसते, एवढेच. समोरच्याच्या डोळ्यात निरखून पाहिले तर त्यात आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, त्यावरून तिला बाहुली म्हणतात. गंमत अशी, की संस्कृतातल्या 'कनीनिका' या शब्दातही छोटी मुलगीच आहे आणि लॅटिनमधल्या 'प्युपिला' या शब्दातही. कोणी कोणाची नक्कल केली नसावी. डोळ्यात डोळे घालून पाहणाऱ्यांना सगळीकडे तेच दिसले असणार.

हे भोक लहानमोठे करायला त्या चकतीत दोन स्नायू आहेत. एक गोलाकार, बटव्याच्या नाडीसारखा. तो आवळला की बाहुली बारीक होते. दुसरा सायकलच्या आऱ्यांसारखा. तो ओढला की बाहुली पसरते. भर उन्हात दोनेक मिलिमीटर, अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत, असा तिचा पसारा. वय वाढते तशी ती अंधारातही फारशी उघडेनाशी होते. आता डॉक्टरची अडचण लक्षात घ्या. आतला पडदा म्हणजे दृष्टिपटल बघायचे तर आत उजेड टाकला पाहिजे, आणि उजेड पडला की नाडी आवळली जाते. जो दिवा घेऊन आत बघायला जावे, त्याच दिव्याला पाहून दार मिटते. उरलेल्या फटीतून बघणे म्हणजे किलकिल्या दारातून वाड्याचा चौक बघण्यासारखे. समोरचे तुळशीवृंदावन दिसते, पण कोपऱ्यात कोण बसले आहे ते कळत नाही.

नाडी आवळण्याचा निरोप मज्जातंतूंकडून ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत येतो. स्नायूवर त्या रसायनाला बसण्यासाठी ठरावीक जागा असतात. ट्रॉपिकामाइड काय करते, तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी ती जागा आधीच धरून ठेवते. निरोप्या येतो, पण त्याला बसायला जागाच नाही. नाडी सैल पडते, बाहुली पसरते आणि कितीही प्रखर उजेड टाकला तरी तशीच राहते. याच कुटुंबातल्या औषधांना वैद्यकात 'अँटिकोलिनर्जिक' म्हणतात. डोळ्यातले भिंग जवळचे पाहताना फुगवणारा आणखी एक स्नायू आहे, त्याच्याही जागा हेच औषध धरते. म्हणून थेंबानंतर जवळचे अक्षर पुसट होते. वाचायचा चष्मा लागलेल्या आजोबांना हे फारसे जाणवत नाही, कारण त्यांचे भिंग तसेही फुगायचे थांबलेले असते. चडफडतो तो त्यांचा कॉलेजात जाणारा नातू.

रुमाल किती वेळ टिकतो, यावर या कुटुंबातल्या भावंडांचे स्वभाव ठरतात. ट्रॉपिकामाइड सगळ्यांत मवाळ: वीस मिनिटे ते अर्ध्या तासात बाहुली उघडते, आणि चार ते आठ तासांत बहुतेकांचा डोळा पूर्ववत होतो. सायक्लोपेंटोलेटला साधारण एक दिवस लागतो, होमॲट्रोपिनला एक ते तीन दिवस. आणि थोरला भाऊ ॲट्रोपिन एकदा बसला की आठवडा-दोन आठवडे उठत नाही. एके काळी बाहुली मोठी करायची म्हणजे या थोरल्यांपैकीच कोणाला तरी बोलवावे लागे. १९५० च्या दशकात ट्रॉपिकामाइड आले आणि सकाळी तपासून संध्याकाळी पेपर वाचता येऊ लागला. त्याच्या नावातले 'ट्रॉपिक' हे ॲट्रोपिनमध्येही असलेल्या एका आम्लाचे नाव आहे. म्हणजे रक्ताचेच नाते.

या घराण्याचा मूळपुरुष आपल्या ओळखीचा आहे. महाशिवरात्रीला महादेवाला वाहतात तो धोतरा. त्यात ॲट्रोपिन आणि त्याच्या जातीची आणखी द्रव्ये असतात. निंदणी करताना त्याचा चीक लागलेला हात डोळ्याला लागला तर एकच बाहुली वाटाण्याएवढी होते आणि घरचे लोक 'झटका आला' म्हणून घाबरून आणतात. डोळा दुखत नाही, लाल नाही, माणूस शुद्धीत, आणि बांधावर धोतरा. एवढी चौकशी केली की बहुतेक वेळा उलगडा होतो. पोटात गेलेला धोतरा मात्र थट्टेचा विषय नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी दप्तरांत वाटसरूंना अन्नातून धोतरा घालून लुटणाऱ्या टोळ्यांची प्रकरणे नोंदलेली आहेत.

युरोपात हेच काम बेलाडोना या झुडपाने केले. इटालियन भाषेत याचा अर्थ सुंदर स्त्री. बाहुली मोठी असली की डोळे टपोरे दिसतात, म्हणून तिथल्या बायका त्याचा रस डोळ्यांत घालत, असे सांगतात. शास्त्रीय नाव देताना लिनियसने त्याला 'ॲट्रोपा' म्हटले. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कापणारी जी देवता आहे, तिच्यावरून. एकाच झाडाच्या नावात रूपही आहे आणि मृत्यूही.

मला स्वतःला या इतिहासातली आवडणारी गोष्ट आहे ती फ्रीडलीब रुंगे या जर्मन तरुणाची. याच वनस्पतींच्या रसाने बाहुली मोठी होते हे त्याने नीट तपासले होते. १८१९ मध्ये येना इथे तो कवी गटेला हा प्रयोग दाखवायला गेला. अंगात उसना कोट आणि काखेत मांजर. मांजराचा एक डोळा रसाने मोठा केलेला, दुसरा तसाच. गटे खूश झाला आणि जाताना त्याने रुंगेला कॉफीच्या बिया भेट दिल्या, यातही काही सापडते का बघ म्हणून. रुंगेला त्यात कॅफीन सापडले! पुढे १८३० च्या दशकात शुद्ध ॲट्रोपिन वेगळे काढले गेले. पण मोठ्या झालेल्या बाहुलीतून आत बघायचे कसे, हे अजून कोणाला ठाऊक नव्हते. ते साधन, ऑफ्थाल्मोस्कोप, हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. म्हणजे दार उघडायची किल्ली आधी मिळाली, आत न्यायचा कंदील नंतर.

आपल्या शेतकऱ्याशी ॲट्रोपिनचे आणखी एक नाते आहे आणि ते डोळ्यापुरते नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके अंगात भिनली की शरीरात ॲसिटिलकोलीनचा पूर येतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, छाती पाण्याने भरून येते. तिथे ॲट्रोपिनचे इंजेक्शन जीव वाचवते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फवारण्यांत या जातीची औषधेही होती. तेव्हा जी ॲट्रोपिनची कुपी ग्रामीण रुग्णालयांत लागत होती, ती आमच्या दवाखान्यातल्या थेंबांच्याच घराण्यातली.

असो. दार उघडल्यावर आत काय दिसते, ते महत्त्वाचे. शरीरात एकच जागा अशी आहे जिथे कातडी न कापता जिवंत रक्तवाहिन्या उघड्या बघता येतात, ती म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा. केशरी-तांबूस जमीन, तिच्यावर एका बाजूला फिकट पिवळसर चकती, म्हणजे मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस, आणि त्या चकतीतून चहूकडे पसरलेल्या लाल फांद्या. पहिल्यांदा हे दृश्य पाहिले तेव्हा मी शिकत होतो. आजही ते जुने वाटत नाही. रक्तदाबाने या फांद्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे चिमटल्या जातात. काचबिंदूत ती चकती आतून पोखरली जाते. मधुमेहात फांद्यांना बारीक फुगे येतात, रक्ताचे ठिपके पडतात, मेणासारखे पिवळे डाग साचतात, आणि शेवटी पडद्याला रक्त कमी पडू लागले की नव्या, नाजूक, नको त्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या गळतात.

यातले बरेचसे घडत असताना माणसाला काहीही जाणवत नाही, ही खरी मेख आहे. एका शाळेतल्या बाई माझ्याकडे आल्या, वय बावन्न, मधुमेह बारा वर्षांचा. 'डाव्या डोळ्यापुढे कोळ्याचं जाळं आल्यासारखं झालंय कालपासून,' म्हणाल्या. दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेत होत्या. मधुमेहाच्या डॉक्टरांनी दोनदा चिठ्ठी लिहून दिली होती. एकदा त्या एका दवाखान्यात गेल्याही होत्या, पण थेंब घालायचे म्हटल्यावर परतल्या, कारण रात्री सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मी बाहुली मोठी करून पाहिले. डाव्या डोळ्यात रक्त साकळले होते. उजव्या डोळ्याने त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ एकही अक्षर न चुकता वाचली होती; आणि त्याच उजव्या डोळ्यात नव्या रक्तवाहिन्यांचे झुबके होते, आज ना उद्या फुटणारे. 'अहो, पण मला तर सगळं दिसत होतं,' हे वाक्य त्या तीनदा बोलल्या. उजवा डोळा लेझरने सांभाळला गेला. डाव्यावर मोठी शस्त्रक्रिया होऊनही पूर्वीची नजर आली नाही. त्या अजून नियमित येतात, थेंबाच्या दिवशी रजा टाकून.

अक्षरे वाचता येणे ही पडद्याच्या मधल्या, मोहरीएवढ्या जागेची परीक्षा आहे. बाकीचे अंगण जळत असले तरी तेवढी जागा शाबूत असेपर्यंत तक्ता पैकीच्या पैकी गुण देतो. म्हणून मधुमेह असला तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी, आणि प्रौढपणी होणारा मधुमेह ज्या महिन्यात कळला त्याच महिन्यात पहिली. कारण तो कळण्याआधी किती वर्षे अंगात होता, हे कोणीच सांगू शकत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर धरली आहे. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या घराघरांत एखादे तरी माणूस असेलच.

बाकावर तिष्ठत बसावे लागते, त्यालाही कारण आहे. आपले डोळे तपकिरी-काळे. त्यातला रंग औषध शोषून धरतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून निळ्या डोळ्यांच्या माणसापेक्षा आपल्याला थेंब जास्त आणि वेळही जास्त लागतो. मधुमेह्यांच्या बाहुल्या तर आणखी हट्टी, कारण त्या स्नायूंचे मज्जातंतूच थकलेले असतात. म्हणून आपल्याकडे बहुधा ट्रॉपिकामाइडबरोबर फिनाइलएफ्रिन हे दुसरे औषध मिसळलेले असते. पहिले नाडी सैल करते, दुसरे आरे ओढते. मात्र ते दुसरे रक्तदाब वाढवू शकते. हृदयविकार किंवा भरमसाट रक्तदाब असेल तर थेंब घालण्याआधीच सांगा. नुसत्या ट्रॉपिकामाइडवरही काम भागते, थोडे सावकाश.

या थेंबाची खरी भीती कोणाला असावी? काहींच्या डोळ्यात पाण्याचा निचरा होण्याची वाट मुळातच अरुंद असते. बाहुली पसरताना ती चकती त्या वाटेवर दुमडली तर डोळ्याचा दाब एकाएकी चढतो. ठणका लागतो, डोळा लाल होतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्ये दिसतात, उलट्याही होतात. पोटाचे दुखणे समजून लोक भलत्याच डॉक्टरकडे जातात. असे झाले तर रात्रीसुद्धा थांबू नका. पण भीतीचे माप बघा: नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत ६७६० जणांच्या बाहुल्या मोठ्या केल्या, त्यांत असा झटका दोघांना आला. आशियाई डोळ्यांत अरुंद वाट अधिक आढळते, म्हणून आम्ही थेंबाआधी बाजूने बॅटरी मारून बघतो. चकतीची पलीकडची बाजू सावलीत गेली तर सावध होतो. आणि ज्याची वाट अरुंद निघाली, त्याला लेझरने एक बारीक छिद्र पाडून आयुष्यभराच्या धोक्यातून सोडवता येते.

दुसरी खबरदारी रुग्णांची नाही, आमची आहे. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाहुल्या बघून मेंदूतला दाब ओळखतात. त्या थेंबाने मोठ्या केल्या तर ती खूणच पुसली जाते. म्हणून अतिदक्षता विभागात थेंब घालायचे तर आधी विचारतात आणि वेळ ठळक लिहून ठेवतात.

या साध्या थेंबाला एकदा मोठी प्रसिद्धीही लाभली होती. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी 'सायन्स' या साप्ताहिकात लिहिले, की अगदी पातळ केलेल्या ट्रॉपिकामाइडने अल्झायमरच्या रुग्णांची बाहुली इतरांपेक्षा जास्त पसरते. विस्मरणाची चाचणी एका थेंबात! जगभर बातमी झाली. नंतर इतरांनी करून पाहिले तेव्हा तो फरक भरवशाने दिसेना, आणि विषय मागे पडला.

आता थेंबाशिवाय फोटो काढणारे कॅमेरे आलेत आणि ते फोटो संगणकही वाचतो. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी अशी प्रणाली प्रसिद्ध केली, तिच्यासाठीचे काही फोटो आपल्या मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातले होते. गावोगाव चाळणी लावायला हे फार उपयोगी. पण मोतीबिंदू असलेल्या, बारीक बाहुलीच्या म्हाताऱ्या डोळ्याचा फोटो धुकट येतो, आणि नेमक्या त्याच डोळ्यांना तपासणीची गरज जास्त. तेव्हा बाक काही इतक्यात रिकामे होत नाहीत. अमेरिकेत २०२३ मध्ये बाहुली लवकर पूर्ववत करणाऱ्या थेंबाला परवानगी मिळाली आहे, एवढाच तूर्त दिलासा.

सर्वांत लहान गिऱ्हाइके मात्र बाकावर बसत नाहीत. चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले बाळ असेल, तर त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची वाढ अर्धवट राहिलेली असते. ती भलतीकडे गेली तर काही आठवड्यांत नजर जाते, वेळेत सापडली तर लेझरने किंवा इंजेक्शनने वाचते. तिथे थेंब पातळ केलेला असतो आणि ओघळ लगेच पुसून घेतात, कारण एवढ्याशा अंगाला तोही जास्त होऊ शकतो. घरी जाताना कार्डावर डोळे तपासणीची तारीख लिहिली असेल तर सव्वा महिन्याचे सोवळे, बारसे यांच्यासाठी ती पुढे ढकलू नका.

मोठ्यांनी थेंबाच्या दिवशी करायचे ते इतकेच. बरोबर कोणीतरी आणावे, स्वतः वाहन चालवू नये, टोपी आणि काळा चष्मा ठेवावा, कारण बाहेरचे ऊन अंगावर आल्यासारखे वाटते. थेंब पडल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरला तर औषध घशात उतरत नाही आणि तोंड कडू होत नाही. दुसऱ्या दिवशीही बाहुली तशीच दिसली तर फोन करावा. उरलेली बाटली मागून घरी नेऊ नये.

लहान मुलांच्या चष्म्यासाठी काही वेळा ॲट्रोपिनचे मलम तीन दिवस घरी घालायला देतो. मुलाचे भिंग फार चपळ. ते निजवल्याशिवाय खरा नंबर सापडत नाही. हेच ॲट्रोपिन अगदी सौम्य करून मुलांचा वाढता उणे नंबर आवरायला हल्ली वापरतात. सिंगापूरच्या २०१२ च्या अभ्यासानंतर ते रुळले. मलमाने मुलाचा चेहरा लाल झाला, ताप चढला, तोंड कोरडे पडले तर मलम थांबवून कळवायचे, हे मी सांगतो. आणि मलम घातल्यावर हात साबणाने धुवायचे, हेही सांगतो. ते सगळ्यांच्या लक्षात राहतेच असे नाही. मागच्या उन्हाळी सुट्टीत एक आई मुलाला घेऊन आली ती स्वतःच घाबरलेली. मुलाच्या दोन्ही बाहुल्या हव्या तशा मोठ्या, आणि आईची एकच, उजवी. 'रात्री याला मलम लावलं आणि माझ्याच डोळ्यात कचरा गेला म्हणून चोळला,' ती म्हणाली. मुलाचा नंबर निघाला अधिक तीन. आईला सांगितले, दहाएक दिवस उन्हात चष्मा घाला, आणि तोवर फोटो काढून घेऊ नका.